रुरकीचा इंजिनिअर, निजामाचा मुसव्विर

मागच्या सेमिस्टरला आपल्या फोटोग्राफी क्लबने जुन्या ड्रॉइंग हॉलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. नेमका सबमिशनचा आठवडा आल्यामुळे अर्ध्या कॉलेजने ते पाहिलंच नाही. मी गेले ती एका मैत्रिणीचे दोन फोटो लागले होते म्हणून. ड्रॉइंग बोर्ड उभे करून त्यांनाच क्लिपने प्रिंट लावल्या होत्या, त्यामुळे हॉल भाड्याने आणलेला वाटत नव्हता, आपलाच वाटत होता. कॅन्टीनमध्ये चहा गाळणारा हात, सर्व्हे कॅम्पवर थिओडोलाइटला डोळा लावून उभी असलेली एक ज्युनिअर, हॉस्टेलच्या जिन्यात पडलेली कठड्याची सावली, पावसात उभी असलेली लाल डब्बा एसटी (आता लाल नसलेली!). रोज दिसणाऱ्या गोष्टींतला रंग काढून घेतला की त्या थोड्या परक्या होतात, आणि मग आपण त्या पहिल्यांदा नीट बघतो, हे मला तिथे कळलं.

शेवटच्या बोर्डवर मात्र विद्यार्थ्यांचे फोटो नव्हते. जुन्या काळातल्या मोठ्या फोटोग्राफर्सची कामं पुस्तकांतून घेऊन क्लबच्या मुलांनी तिथे लावली होती. त्यातल्या एका देवळाच्या फोटोखाली हाताने लिहिलं होतं: राजा दीनदयाळ, १८४४ ते १९०५, सिव्हिल इंजिनिअरिंग, रुरकी.

मी सिव्हिलची. साहजिकच पाय तिथेच थांबले. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला सगळे व्हाइसरॉय क्रमाने पाठ होते, पण त्या व्हाइसरॉयांना हलू नका म्हणून सांगणारा माणूस कोण होता, हे कुठल्याच पेपरात विचारलं गेलं नव्हतं. त्यानंतर लायब्ररीतून मिळेल ते वाचत गेले. जे वाचलं ते मित्रमैत्रिणींना सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

दीनदयाळांचा जन्म १८४४ सालचा, मीरतजवळच्या सरधना गावातला. बेगम समरूने बांधलेल्या मोठ्या चर्चमुळे हे गाव प्रसिद्ध आहे. घराणं जैन, जवाहिऱ्यांचं. म्हणजे घरात सोनं-रत्नं पारखणारी नजर होती. मुलाने मात्र पेढी सोडून वेगळीच वाट धरली. तो रुरकीला थॉमसन कॉलेज ऑफ सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये शिकायला गेला.

हे रुरकी म्हणजे आजची आयआयटी रुरकी. १८४७ साली सुरू झालेलं हे कॉलेज आपल्या देशातल्या इंजिनिअरिंग शिक्षणाची पहिली पायरी मानलं जातं. गंगेचा मोठा कालवा बांधायला माणसं हवी होती, म्हणून ते निघालं. १८५४ मध्ये कालव्यात पाणी सोडलं गेलं, तेव्हा दीनदयाळ दहा वर्षांचे होते. पुढे ते त्याच कॉलेजात दाखल झाले. तिथे काय शिकवत असतील याची कल्पना करणं आपल्याला अवघड नाही. सर्व्हेइंग, लेव्हलिंग, ड्रॉइंग, एस्टिमेट. दीडशेहून जास्त वर्षं उलटली तरी आपल्या सिलॅबसचा सांगाडा अजून तोच आहे!

१८६६ साली, म्हणजे बाविसाव्या वर्षी, त्यांना इंदूरला नोकरी लागली. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन. आजच्या भाषेत सरकारी नोकरी, पर्मनंट, पेन्शनवाली. घरचे पेढे वाटतील अशी.

एस्टिमेटरचं काम काय असतं हे इतर ब्रँचच्या लोकांसाठी सांगते. अजून न बांधलेल्या इमारतीत किती विटा, किती चुना, किती लाकूड आणि किती मजुरी लागेल, ते आधी कागदावर मांडायचं. त्यासाठी इमारत डोळ्यासमोर पूर्ण उभी करावी लागते. भिंत कुठून कुठे जाते, सावली कुठे पडते, खिडकीच्या वर कमान आहे की लिंटेल, हे सगळं दिसल्याशिवाय आकडा येत नाही. दीनदयाळांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. पुढे त्यांनी इमारतींचे जे फोटो काढले ते पाहताना मला सारखं वाटत राहतं की ही नजर आधी एस्टिमेटरची होती, कॅमेरा तिला नंतर मिळाला.

कॅमेरा हातात आला तो १८७४ च्या सुमारास, तिशीत. तेव्हा फोटोग्राफी हा शौक श्रीमंतांचा आणि साहेबांचा. कचेरीतल्या देशी कर्मचाऱ्याने त्यात पडणं म्हणजे नवलच. पण इंदूरने त्यांना हात दिला, आणि इथे आपला मराठी धागा येतो. इंदूरच्या गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते. गंमत म्हणजे ज्या १८४४ साली दीनदयाळ जन्मले त्याच साली तुकोजीरावांना गादी मिळाली होती. महाराजांनी या होतकरू माणसाला प्रोत्साहन दिलं आणि त्याची गाठ सर हेन्री डेलींशी घालून दिली. डेली हे मध्य हिंदुस्थानातले गव्हर्नर जनरलचे एजंट. इंदूरचं डेली कॉलेज त्यांच्याच नावाचं. महाराज आणि एजंट दोघांचाही आधार मिळाल्यावर दीनदयाळांनी इंदुरात स्टुडिओ थाटला. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा शाही लवाजम्याचे फोटो काढायची संधीही त्यांना मिळाली. कॅमेरा हातात घेऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती!

इथे जरा थांबून त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय होतं ते बघू. नाहीतर आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं, बटणच तर दाबायचं.

दीनदयाळांनी सुरुवात केली तेव्हा चलती होती वेट प्लेट पद्धतीची. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ती प्रसिद्ध केली. एक स्वच्छ काच घ्यायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं. हे द्रावण इथर आणि अल्कोहोलमध्ये गन कॉटन विरघळवून बनवतात, आणि त्यात आयोडाइडसारखे क्षार असतात. काच हातात तिरपी-तिरपी करून थर सगळीकडे सारखा पसरवायचा. मग अंधाऱ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. आता त्या थरात प्रकाशाला संवेदनशील असा चांदीचा क्षार तयार होतो. काच ओली असतानाच धावत जाऊन कॅमेऱ्यात बसवायची, लेन्सवरची टोपी काढायची, मनात सेकंद मोजायचे, टोपी परत लावायची, पुन्हा तंबूत धावायचं आणि काच वाळायच्या आत डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. काच वाळली की संपलं, पुन्हा पहिल्यापासून.

आता यात आपला उन्हाळा मिसळा. इथर साधारण ३५ अंश सेल्सिअसला उकळतं. मध्य हिंदुस्थानातल्या मे महिन्यात तंबूत किती तापमान असेल? थर पसरवता पसरवताच वाळत जाणार, वर इथर ज्वालाग्राही, सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडणार, आणि धूळ तर विचारूच नका. फोटो पक्का करायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये टायट्रेशनला जे आपण ब्युरेटमध्ये भरतो, तेच. मला तर टायट्रेशनचं एंड पॉइंट गाठताना घाम फुटायचा. हा माणूस तेच रसायन घेऊन किल्ले चढत होता.

पुढे १८८० च्या दशकात जिलेटिनच्या ड्राय प्लेट बाजारात रुळल्या आणि तंबूतली धावपळ संपली. पण काच ती काचच. आणि तेव्हा एन्लार्ज करायची सोय नसल्यासारखीच होती. जेवढी मोठी प्रिंट हवी तेवढीच मोठी काच कॅमेऱ्यात घालावी लागायची. मग ती निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात छापायची. कागदाला अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असायचा, त्यावर चांदीचा क्षार. ही युक्ती आपल्याला नवीन नाही. खाली काच, काचेखाली ट्यूबलाइट, आणि वर दोन शीट्स... जीटी मारणं आपल्या हॉस्टेलमध्ये ज्याला म्हणतात, त्याचंच हे थोरलं आणि प्रामाणिक भावंड. फक्त ट्यूबलाइटच्या जागी सूर्य.

आणखी एक गोष्ट. आपण या फोटोंना सरसकट ब्लॅक अँड व्हाइट म्हणतो, पण अंड्याच्या कागदावरच्या जुन्या प्रिंट खऱ्या तर तपकिरी, जांभळट असतात. शिवाय त्या काळच्या काचांना निळा प्रकाश पटकन दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या फोटोंत आकाश बहुतेक वेळा कोरं, पांढरंफटक असतं. ढग नाहीतच. ते आकाश रिकामं नव्हतं, काचेने ते जास्त पाहिलं, एवढंच.

दीनदयाळांच्या आयुष्यातलं मोठं वळण १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. डेलींच्या जागी सर लेपेल ग्रिफिन आले. त्यांना मध्य हिंदुस्थानातल्या जुन्या वास्तूंची नोंद करायची होती. ते दीनदयाळांना घेऊन बुंदेलखंडात हिंडले. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची देवळं, सांचीचा स्तूप, ओरछा आणि दतियाचे महाल. या कामातून १८८६ साली फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया हा ग्रंथ निघाला. मजकूर ग्रिफिन यांचा, फोटो दीनदयाळांचे.

प्रदर्शनातल्या त्या बोर्डवर मी जो फोटो पाहिला तो याच प्रकारातला होता. त्याच्या शेजारच्या बोर्डवर आपल्याच एका मुलाने काढलेला आपल्या अ‍ॅडमिन बिल्डिंगचा फोटो होता. फोटो छानच होता, पण त्यात बिल्डिंग मागे रेलून पडल्यासारखी दिसत होती. कारण सोपं आहे. उंच इमारत मावत नाही म्हणून आपण मोबाईल किंवा कॅमेरा वर तिरका करतो, आणि मग उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. दीनदयाळांच्या देवळाच्या उभ्या रेषा मात्र उभ्याच होत्या, ओळंबा लावून काढल्यासारख्या. त्यांच्या काळच्या लाकडी कॅमेऱ्यात लेन्सची फळी वरखाली सरकवता यायची. काच ओळंब्यात ठेवायची आणि फक्त लेन्स वर उचलायची, म्हणजे कळस फ्रेममध्ये येतो आणि रेषाही वाकत नाहीत. तंत्र सगळ्यांनाच माहीत असणार, पण मागच्या दुधी काचेवर उलटं दिसणारं देऊळ बघत, डोक्यावर काळं कापड घेऊन, ते इतक्या नेटाने करणं हे ड्राफ्ट्समनचं काम. त्यांच्या बऱ्याच फोटोंत इमारतीच्या पायऱ्यांवर किंवा खांबाशेजारी एखादा माणूस उभा किंवा बसलेला दिसतो. त्या माणसामुळे आपल्याला उंचीचा अंदाज येतो. आपल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात स्केल लिहितात ना, तसं.

१८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे फोटोग्राफर म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यानंतर लवकरच, १८८६ च्या सुमारास, त्यांनी सरकारी नोकरी सोडली. वय वर्षं बेचाळीस.

आणि मग हैदराबाद. सहावे निजाम मीर महबूब अली खान तरुण होते, शौकीन होते, आणि त्यांच्याकडे कशाची कमी नव्हती. दीनदयाळांनी सिकंदराबादला स्टुडिओ काढला आणि ते निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. चारमिनार, फलकनुमा महालातली झुंबरं आणि जिने, शिकारी, मेजवान्या, लष्करी कवायती, पाहुणे आलेले साहेब, सगळं त्यांच्या काचांवर उतरू लागलं. १८९४ साली निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा, आणि जंग म्हणजे युद्ध. लढवय्यांना द्यायचा किताब चित्र काढणाऱ्याला! जवाहिऱ्यांच्या घरातला, बांधकाम खात्यातला एस्टिमेटर अशा रीतीने राजा झाला. राणी व्हिक्टोरियाकडूनही त्यांना फोटोग्राफर म्हणून सनद मिळाली, आणि १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला बक्षीस मिळालं. होय, तेच वर्ष आणि तेच शहर, जिथे त्याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले.

हैदराबादच्या काळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १८९२ ची आहे. पडद्यात राहणाऱ्या बायकांना फोटो काढून घ्यायचा तर परक्या पुरुषासमोर बसावं लागणार, म्हणजे फोटोच नाही. दीनदयाळांनी त्यावर तोडगा काढला. फक्त बायकांसाठी वेगळा झनाना स्टुडिओ, भोवती उंच भिंती, आणि तो चालवायला श्रीमती केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई. यात धंद्याचं गणित होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण विचार करा, ज्या बाईचा चेहरा घराबाहेर कोणी पाहिलेला नाही, ती उंच भिंतींच्या आत दुसऱ्या एका बाईच्या कॅमेऱ्यासमोर बसते, आणि काही सेकंद श्वास रोखून सरळ लेन्समध्ये बघते. ते फोटो तिच्या घरच्या अल्बमसाठी होते, जगाला दाखवायला नव्हते. तरी आपण कसे दिसतो हे तिला तेव्हा आरशाबाहेर पहिल्यांदा कळलं असेल. फर्मचं नाव मात्र राजा दीनदयाळ अँड सन्स असं होतं. त्यात बाईंचं नाव नाही. ही आपली टिप्पणी, काळ वेगळा होता वगैरे मला माहीत आहे. असो.

१८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही मोठा स्टुडिओ उघडला. मुंबईतले साहेब लोक आणि देशी शेठ-सरदार दोघेही तिथे येत. तेव्हाच्या स्टुडिओत दिव्यांऐवजी काचेच्या छतातून येणारा उजेड वापरत. मागे रंगवलेले पडदे असत, आणि माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार. जुन्या फोटोंतले आपले पणजोबा इतके गंभीर का दिसतात, याचं उत्तर बरंचसं त्या आधारात आहे!

मराठवाड्यातल्या मित्रांना हेही सांगायला हवं की तेव्हा तो सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे वेरूळ, अजिंठा आणि दौलताबाद यांचेही फोटो दीनदयाळांनी काढले. ज्या वेरूळला आपण ट्रिपला जाऊन कैलास लेण्यासमोर सेल्फी काढतो, तिथे त्यांनी मोठा कॅमेरा आणि काचांच्या पेट्या नेल्या होत्या.

आता थोडं अवघड लिहिते. या माणसाबद्दल वाचताना मला कौतुक वाटत होतं, आणि मध्येच काहीतरी खुपतही होतं. त्यांचे गिऱ्हाईक कोण? निजाम, व्हाइसरॉय, महाराजे, रेसिडेंट. त्यांचा एक अतिशय प्रसिद्ध फोटो १९०२ चा आहे. वारंगळ भागातल्या शिकारीनंतर लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघाच्या मागे उभे आहेत. फोटो तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. पण आज तो बघताना पहिली नजर वाघावर जाते, साहेबांवर नाही. सत्तेला स्वतःला जसं बघायचं होतं तसं दाखवणं, हे त्यांच्या कामाचं मोठं अंग होतं.

पण त्याच फर्मने आणखीही काही टिपलं. १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हा औरंगाबाद भागात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निजामाच्या सरकारने जी मदतकामं काढली, त्यांचे फोटो दीनदयाळांच्या फर्मने काढले. तेही कामच होतं, सरकारने किती मदत केली ते दाखवायचा हेतू त्यामागे होता. पण काचेला हेतू कळत नाही. तिच्यासमोर जे उभं असतं ते ती घेते. बरगड्या मोजता येतील अशी माणसं ओळीने बसली आहेत, आणि कॅमेऱ्याकडे बघत आहेत. फलकनुमाची झुंबरं ज्या सफाईने टिपली त्याच सफाईने. एकेक सुरकुती स्पष्ट.

मी बराच विचार केला की हे दोन प्रकारचे फोटो काढणारा माणूस एकच कसा. मग वाटलं, इंजिनिअरचंही तसंच नाही का? रस्ता, धरण, पूल कोणाच्या हुकमाने बांधला जातो ते आपल्या हातात फार कमी असतं. आपल्या हातात काय असतं, तर मोजमाप खोटं लिहायचं की खरं. दुष्काळाच्या फोटोत दीनदयाळांनी ओळंबा सोडला नाही. त्यांना संत ठरवायला मला हे पुरेसं वाटत नाही, पण त्यांचा आदर करायला पुरेसं वाटतं. म्हणूनच शंभर वर्षांनी ते फोटो निजामाच्या कौतुकाचे राहिले नाहीत, त्या माणसांचे झाले.

शेवटची वर्षं सोपी गेली नाहीत. १९०३ चा दिल्ली दरबार त्यांनी टिपला, ते त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद गेला, आणि १९०५ मध्ये स्वतः दीनदयाळ. दुसरा मुलगा ग्यानचंद याने पुढे काम सांभाळलं. १९११ मध्ये महबूब अली खान वारले, आणि १९१९ मध्ये ग्यानचंदही गेला. तोपर्यंत हलके कॅमेरे आणि फिल्मचे रोल आले होते. ज्याच्या घरी कॅमेरा तो फोटोग्राफर, असे दिवस सुरू झाले. राजेशाही स्टुडिओंचा जमाना ओसरला.

पण काचा राहिल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाने तिकीट काढलं. २०१० मध्ये कला केंद्राने त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन दिल्लीत भरवलं. काच पडली तर फुटते, हे लहान मुलालाही माहीत आहे. तरी बैलगाड्या, घरबदल, वाटण्या आणि शंभर उन्हाळे यांतून या काचा वाचल्या. माझ्या मागच्या फोनमधले फर्स्ट इयरचे फोटो वाचले नाहीत, एवढं सांगून पुढे जाते.

आता मुद्द्याचं. सध्या टीईला असल्यामुळे आमच्या वर्गात एकच विषय चालू असतो. प्लेसमेंट की गेट, की एमबीए, की सगळं सोडून जे आवडतं ते. घरोघरी यावरून वाद आहेत, माझ्याही घरी आहेत. मला निबंध लिहायला आवडतो आणि बाबांना माझा आरसीसी डिझाइनचा पेपर महत्त्वाचा वाटतो, एवढं म्हटलं तरी चित्र स्पष्ट व्हावं. अशा वेळी दीनदयाळांची गोष्ट कोणीही पटकन उचलून सांगेल की बघा, त्यांनी इंजिनिअरिंग सोडलं आणि मोठे झाले. सिनेमातही असंच असतं. एका गाण्यात नोकरी सुटते आणि दुसऱ्या गाण्यात नाव होतं.

पण तारखा नीट लावून बघा. नोकरी लागली १८६६ ला. कॅमेरा हातात आला १८७४ च्या सुमारास. नोकरी सोडली १८८६ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ बारा वर्षं हा माणूस एका हाताने एस्टिमेट करत होता आणि दुसऱ्या हाताने काचा धूत होता. नोकरी सोडली तेव्हा स्टुडिओ उभा होता, व्हाइसरॉयची नेमणूक हातात होती, ग्रिफिनबरोबरचं काम पूर्ण झालं होतं. आणि सोडली असं तरी कसं म्हणायचं? रुरकीला शिकलेली रेष, इंदूरच्या कचेरीत मुरलेली मोजमापाची सवय, हे सगळं ते कॅमेऱ्याच्या पेटीत घालून बरोबर घेऊन गेले. ज्याला आपण वाया गेलेली वर्षं म्हणतो, ती त्यांच्या प्रत्येक सरळ रेषेत दिसतात.

आजी म्हणते, बारा वर्षांचं एक तप होतं. मी हा शब्द शाळेत शिकले नव्हते, तो घरीच ऐकला. दीनदयाळांचं तप इंदूरच्या बांधकाम खात्यात, ड्रॉइंग बोर्डाशी उभं राहून झालं. आपलंही सध्या ड्रॉइंग बोर्डाशीच चालू आहे, मित्रांनो. ते तप आहे की नुसती शीट पूर्ण करणं आहे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. चला, उद्या सबमिशन आहे.